डोक्यावरची चुंबळ

हारुन अन्सारीच्या क्लासात तिसऱ्या रांगेतली डावीकडून दुसरी जागा कायम मोकळी असायची. एखादं नवं पोरगं चुकून तिथे उभं राहिलं की हारुन खेकसायचा, "तिथून हट. वरून पत्रा गळतो." आता भर एप्रिलात नाशिकमध्ये कुठला पत्रा गळतो? पण हारुनसरांच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. पोरं मुकाट्याने सरकायची आणि तेवढ्या चार फरश्या सोडून लाथा मारत राहायची.

ती जागा सोमाची होती, आणि सोमाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

जागा मोकळी ठेवून भागलं असतं तर हारुनने अख्खी रांग मोकळी ठेवली असती. पण सोमा एका जागी थांबणाऱ्यातला नव्हताच कधी. हारुन पन्नास लाथा मोजून घ्यायचा. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, बस. पोरं थांबायची, गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायची. आणि मग कोपऱ्यात साखळीला टांगलेल्या सरावाच्या बॅगेवर धप्प असा आणखी एक आवाज यायचा. एकावन्नावी. ती फक्त हारुनला ऐकू यायची. सोमाची सवयच होती तशी. पेठ तालुक्यातल्या त्याच्या पाड्यावर नागली, म्हणजे नाचणी, मोजून दिली की मापावर मूठभर जास्तीची टाकतात, तशी पन्नास झाल्या की हा एक वर टाकायचा. तो होता तेव्हा हारुन त्याला त्यावरून शिव्या घालायचा. आता घालायच्या कोणाला? शेवटी त्याने ती बॅग उतरवून माळ्यावर टाकली, तर नुसती साखळी कुरकुरायला लागली.

क्लास म्हणजे द्वारका चौकाच्या मागचं कांद्याचं जुनं गोदाम. कितीही धुतलं तरी ऊन तापलं की भिंतींना कांद्याचा वास सुटायचा. बॅगा हारुनने स्वतः शिवलेल्या, आत मालेगावच्या यंत्रमागांवरच्या चिंध्या ठासून भरलेल्या. तो मूळचा तिथलाच, मागवाल्यांच्या घरातला. मागांच्या खडखडाटाला कंटाळून ऐन पंचविशीत एका कापडवाल्याबरोबर बँकॉकला गेला, दुकानात तागे उचलायला. दुकानामागच्या गल्लीत मुए थाईचा आखाडा होता. दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे आणि दोन नडग्या, अशी अंगावरची आठही हत्यारं तिथे चालवायला शिकवत. चार वर्षं हारुनने दिवसा तागे उचलले आणि सकाळ-संध्याकाळ मार खाल्ला. त्र्याण्णव साली परतला तेव्हा त्याच्या नडग्या लाकडासारख्या झाल्या होत्या आणि पिशवीत एक मोंगकोन होतं.

मोंगकोन म्हणजे दोरावर कापड गुंडाळून केलेलं जाड कडं, मागे शेपटीसारखी गाठ. लढणाऱ्याने ते डोक्यावर घालून रिंगणात यायचं, चारी कोपऱ्यांना नमस्कार करायचा, गुरूच्या नावाने संथ नाच करायचा आणि मग आपल्या कोपऱ्यात येऊन मान खाली घालायची. गुरूने ते उतरवलं की लढत सुरू. ते जमिनीवर ठेवायचं नाही. गुरूशिवाय कोणी उतरवायचं नाही. बाईने तर हात लावायचाच नाही, असं तिकडे म्हणत.

हारुनच्या म्हाताऱ्या वस्तादाचं नाव प्राचा. त्याचा आणखी एक नियम होता, त्याच्या स्वतःच्या आखाड्यापुरता. तो म्हणायचा, "उतरवण्याआधी कान पोराच्या तोंडाशी ने आणि विचार. भीती वाटत असेल, काही दुखत असेल, ते तो तेव्हाच सांगेल, कारण तेव्हा दुसरं कोणी ऐकत नसतं. त्याने सांगितलं तर उतरवू नकोस. हे डोक्यावर आहे तोवर पोरगं तुझं. उतरवलंस की समोरच्याचं."

हा नियम हारुनने आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगितला. पोरांना त्याचं भारी अप्रूप वाटायचं. सोमाला तर सगळ्यात जास्त.

सोमा शेजारच्या गोदामात हमाल होता. एकोणीस वर्षांचा, काटकुळा, हसताना सगळे दात दाखवणारा. एकदा जेवणाच्या सुट्टीत आत आला आणि म्हणाला, "सर, मला एक हाणून बघा ना." हारुनने गंमत म्हणून त्याच्या मांडीवर एक लाथ ठेवून दिली. चांगला गडी आडवा झाला असता. सोमाने मांडी खाजवली आणि विचारलं, "आता मी हाणू?" त्यानंतर दोन दिवस हारुन लंगडत होता, आणि असा खूश होता की बायकोने डॉक्टरकडे चला म्हणून पाठ धरली.

नाचाच्या वेळी वाजवायची कॅसेट हारुनने बँकॉकहून आणली होती. त्यातलं सनईसारखं वाद्य ऐकून सोमा म्हणाला, "सर, ही तर आमची पावरी." आणि तो असा नाचला की बाकीची पोरं आपापल्या लाथा विसरली. दंडाला आईच्या जुन्या कापडाची पट्टी बांधायची, ही तिकडचीच रीत. सोमाने मैनाबाईच्या, म्हणजे आईच्या, हिरव्या लुगड्याचा काठ फाडून आणला होता. ती दरवर्षी द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे मजुरीला यायची. तिने मोंगकोन पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसली. "ही तर चुंबळ! वर हंडा कुठंय?"

नव्याण्णव सालच्या जानेवारीत त्र्यंबक रोडवरच्या एका हॉलमध्ये मोठी स्पर्धा झाली. मुंबईहून राज्याच्या संघासाठी निवड करणारे आले होते. हारुनच्या क्लासकडे बाहेरच्या कोणी ढुंकून पाहिलं असेल तर ते त्या दिवशी, सहा वर्षांत पहिल्यांदा. मैनाबाई बागेतून सुट्टी घेऊन आली होती, शेजारी सोमाची दहा वर्षांची बहीण मीना. दोघी पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

सोमा नाचला. टाळ्या पडल्या. तो कोपऱ्यात आला आणि मान खाली घातली. हारुनने नियमाप्रमाणे कान जवळ नेला. "बोल."

"सर, डोकं फुटल्यागत दुखतंय," सोमा म्हणाला. "डाव्या डोळ्यानं दिसंना."

चार दिवसांपूर्वी सरावात एक लाथ सोमाच्या कानशिलावर बसली होती. ती लाथ हारुनचीच. सोमा एका गुडघ्यावर बसला होता, हसला होता आणि उठला होता.

हारुनने सगळं ऐकलं. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे कित्येक रात्री तो स्वतःची समजूत घालणार होता की गर्दीत नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं, शब्द न् शब्द. त्याने समोर बसलेल्या मुंबईच्या पाहुण्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "होतं असं. मान खाली घाल." आणि मोंगकोन उतरवलं.

तिसऱ्या फेरीत सोमा पडला. फटकाही फार मोठा नव्हता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तो वारला. खेळात झालं, असं कागदावर आलं, आणि कोणी कोणाला दोष दिला नाही. दिला असता तर हारुनने दोन्ही हातांनी घेतला असता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मैनाबाईने त्याला एकच गोष्ट विचारली. "तो तुमच्या कानात बोलला ना? म्या पाह्यलं. काय बोलला?"

 हारुन म्हणाला, "आईला सांभाळा, म्हणाला."

मैनाबाई तिथेच फरशीवर बसली आणि पहिल्यांदा मोकळी रडली. तिला रडताना पाहून हारुनला वाटलं, चला, एवढं तरी आपल्या हातून बरं झालं. माणूस किती मूर्ख असावा त्याला काही मर्यादा?

पुढल्या जानेवारीत मैनाबाई क्लासात आली. सोबत नागलीच्या पिठाची पिशवी. फरशीवर बसून म्हणाली, "काय बोलला ते परत सांगा." हारुनने सांगितलं. "आन् मीनाचं?" मीनाचंही बोलला. त्याच्या पुढल्या वर्षी, "मीनाचं काय बोलला?" दरवर्षी पिठाची पिशवी यायची आणि दरवर्षी सोमाचं बोलणं वाढायचं. तो आईच्या हातच्या भाकरीची आठवण काढून गेला. पाड्यावरच्या आंब्याला पाणी घाला म्हणून गेला. एवढं सगळं कानात सांगायचं तर सोमाला अर्धा तास लागला असता, पण मैनाबाईला तसलं गणित सुचायचं नाही. ती डोळे मिटून ऐकायची. आणि एका वर्षी, तिचा चेहरा जरा उजळावा म्हणून, हारुन बोलून गेला, "मीनालाही माझ्यासारखं खेळू द्या, म्हणाला."

दोन हजार पाच साली ती मीनाला घेऊनच दारात उभी राहिली. मीना सोळा वर्षांची झाली होती, हातात वसतिगृहाची पत्र्याची पेटी. "आणली," मैनाबाई म्हणाली. "त्याचं बोलणं होतं."

 हारुनने सुचेल ती सबब सांगितली. मुलींचा क्लास नाही. मुलींना हे जड जातं. शेवटी म्हणाला, "मोंगकोनला बाईचा हात चालत नाही, मैनाबाई. तिकडचा नियम आहे."

"चुंबळ हाय ती," मैनाबाई म्हणाली. "चुंबळ बाईच्याच डोक्यावर असती." आणि पेटी आत सरकवून ती बसस्टँडकडे निघून गेली.

मीना पहिल्याच दिवशी रांगेत गेली आणि तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी उभी राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पत्रा गळतो, हे शब्द हारुनच्या तोंडापर्यंत आले आणि तिथेच विरले. त्याने पन्नास लाथा मोजल्या. बस म्हणाला. सगळी पोरं थांबली, आणि मीनाने एक आणखी मारली.  आता ती एकावन्नावी सगळ्यांनाच ऐकू येत होती. पोरं हसली, आणि हारुन मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला.

तीन वर्षं त्याने तिला शिकवलं. इतकं जपून की तीच चिडायची. "सर, माझ्या डोक्यावर मारतच नाही तुम्ही. तिथे गेल्यावर समोरची काय फुलं वाहणार आहे?" डोक्यावरचा सराव तो दुसऱ्यांकडून करून घ्यायचा आणि त्या वेळी पाठ करून उभा राहायचा. पण पोरगी तयार झाली. सोमाहूनही चांगली, कारण सोमाला मार खायची मजा वाटायची आणि हिला मार चुकवायची. रात्री क्लास बंद करताना हारुन मोकळ्या गोदामाकडे बघून म्हणायचा, "बघतोयस ना? हिला काही होऊ देणार नाही." गोदाम उत्तर द्यायचं नाही. साखळी तेवढी कुरकुरायची.

दोन हजार आठच्या फेब्रुवारीत राज्याची निवड पुन्हा नाशिकला आली. जिंकली असती तर मीना संघात, आणि संघ जाणार होता बँकॉकला. मीनाने वहीच्या शेवटच्या पानावर बँकॉकचा नकाशा काढून ठेवला होता, त्यात प्राचाची गल्लीसुद्धा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "सर, दादाचं मोंगकोन घालूनच जाणार मी."

ते माळ्यावर पेटीत होतं. नऊ वर्षांत त्याने ते कोणाच्या डोक्यावर घातलं नव्हतं. हरवलं, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मीनापुढे मात्र खोटं बोलवलं नाही. तिच्या घरात त्याचं आधीच फार खोटं साठलं होतं. त्याने पेटी उतरवली.

हॉल दुसरा होता, पण वेळ तीच, दुपारी तीनची. पहिल्या रांगेत मैनाबाई, केस पांढरे झालेले, मांडीवर पिठाची पिशवी. मीनाच्या दंडाला सोमाचीच हिरवी पट्टी. ती नाचली. हारुनने तिच्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिला. वाजंत्री थांबली. ती कोपऱ्यात आली आणि मान खाली घातली.

हारुनने दोन्ही हात मोंगकोनवर ठेवले आणि कान जवळ नेला. "बोल, बेटा."

मीनाने मान हलवली. काही नाही. ती हसत होती, घाई झाली होती तिला.

आणि त्याच्या हातांखालून, त्या कापडातून आल्यासारखा, आवाज आला. सर, डोकं फुटल्यागत दुखतंय. डाव्या डोळ्यानं दिसंना.

हारुनचे हात तिथेच राहिले. उचलायचे म्हटलं तरी उचलले जाईनात.

"सर, उतरवा," रिंगणातून पंच रंगनाथ म्हणाला. समोरची मुलगी जागच्या जागी उड्या मारत होती. "हारुनसर, वेळ होतोय."

"ही लढणार नाही," हारुन म्हणाला.

"सर?" मीना वळली. "सर, काय झालं?"

"लढणार नाही ती. मी तिला काढून घेतो." एवढं बोलून तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला.

हॉलमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. डॉक्टर येऊन मीनाचे डोळे, नाडी, सगळं पाहून गेले. मुलगी ठणठणीत होती. रंगनाथने दोनदा विचारलं, मग नाइलाजाने समोरच्या मुलीचा हात वर केला. वहीतलं बँकॉक तिथेच संपलं. मीना दोरांना धरून उभी होती, डोक्यावर मोंगकोन तसंच, गालांवरून पाणी वाहत होतं.

मैनाबाई पायऱ्या चढून कोपऱ्यात आली. "काय बोलली ती तुमाला?"

"आई, मी काहीच बोलले नाही!" मीना ओरडली. "तूच विचार त्यांना. मला काही झालेलं नाही!"

"ती नाही बोलली," हारुन म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही. "सोमा बोलला."

मैनाबाई दचकली नाही. ती वाकली आणि तिने तोच प्रश्न विचारला, दर जानेवारीत विचारायची तो. "काय बोलला?"

नऊ वर्षांचं उत्तर हारुनच्या जिभेवर तयार होतं. आईला सांभाळा, आंब्याला पाणी घाला. पण ते खाली गेलं आणि दुसरंच वर आलं.

"'सर, डोकं फुटल्यागत दुखतंय. डाव्या डोळ्यानं दिसंना.'"

"आत्ता बोलला?"

"आत्ताही. आणि तेव्हाही. तेव्हा एवढंच बोलला होता, मैनाबाई. तुमचं नाव नाही, मीनाचं नाही, काहीच नाही. बाकीचं सगळं मी रचलं."

मीनाचं रडणं थांबलं. मैनाबाई तशीच वाकलेली होती.

"आन् तुमी काय बोलले त्याला?"

"मान खाली घाल, म्हणालो."

मैनाबाई सरळ झाली. ती रागावली असती, तिने थोबाडीत मारली असती, तर हारुनला ते हवंच होतं. ती फक्त म्हणाली, "नऊ वर्सं मी लेकाचं म्हणून तुमचंच ऐकत बसले." आणि तिचा आवाज एवढा लहान झाला होता की हारुनला वाटलं, यापेक्षा सोमाचा बरा.

मग ती मीनाकडे गेली आणि तिने दोन्ही हातांनी मोंगकोन उतरवलं.

"अहो बाई, ते सरांनीच काढायचं असतं," मागून कोणीतरी म्हणालं. मैनाबाईने लक्ष दिलं नाही. ते हातात घेऊन तिने इकडेतिकडे पाहिलं. खिळा नव्हता, टेबल नव्हतं. खाली ठेवायचं नाही हे तिला सोमाने सांगितलेलं होतं, आणि ते तिने पाळलं. तिने ते हारुनच्या डोक्यावर ठेवलं. पाणवठ्यावर एका बाईने दुसरीची चुंबळ नीट करावी, तसं दोन्ही बाजूंनी दाबून सरळ केलं.

"चल गं," ती मीनाला म्हणाली. पिठाची पिशवी तिने खुर्चीवरून उचलली आणि सोबत नेली.

हारुन स्टुलावरून हलला नाही, म्हणून पुढच्या तीन लढती दुसऱ्या कोपऱ्यातून उरकल्या. हॉल रिकामा झाला, माणसं खुर्च्या एकात एक घालू लागली. रंगनाथ बिचकत जवळ आला. "सर, ते काढून ठेवू का?"

"नको," हारुन म्हणाला. "तुला नाही चालत."

ते उतरवायचा हक्क फक्त गुरूचा, आणि प्राचा वारल्याचं पत्र येऊन दहा वर्षं झाली होती. रंगनाथ निघून गेला. हारुनने मान खाली घातली, आणि कोणीतरी कान जवळ आणून 'बोल' म्हणेल म्हणून तो स्टुलावर बसून राहिला.